दोष कुणाचा, हे विचारणं इंग्लंडने का थांबवलं

२५ जुलै २०१८ रोजी लंडनमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की टिनी ओवेन्स यांना घटस्फोट मिळणार नाही. बाईंचं वय तेव्हा अडुसष्ट होतं आणि लग्न झालं होतं १९७८ मध्ये. दोन्ही मुलं कधीच मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली होती. २०१५ च्या फेब्रुवारीत त्या घर सोडून वेगळ्या राहायला लागल्या. हा संसार आता जुळणार नाही, हे खालच्या कोर्टानेही मान्य केलं होतं. तरीही कायद्याच्या दृष्टीने त्या ह्यू ओवेन्स यांच्या पत्नीच राहिल्या, आणि पुढचं दीड वर्ष तरी त्यांना तसंच राहावं लागणार होतं.

त्यांच्या अर्जाचा आधार होता नवऱ्याची वागणूक. इंग्लंडमध्ये वकिलांपासून शेजारीपाजाऱ्यांपर्यंत सगळे या कारणाला ‘अनरिझनेबल बिहेव्हियर’ म्हणत. आपण त्याला असह्य वागणूक म्हणू. नवऱ्याने अर्जाला विरोध केल्यावर बाईंनी तक्रारी वाढवल्या आणि त्यांची संख्या सत्तावीसवर गेली. सुनावणीत बोलणं झालं ते मुख्यतः तीन-चार प्रसंगांवर. मेक्सिकोच्या विमानतळावर एका भेटवस्तूवरून नवरा दुकानातच चिडून बोलला. हॉटेलात जेवताना बाहेरच्या माणसासमोर त्याने बायकोला अवघडून टाकलं. घरात काम करणाऱ्या बाईच्या देखत, कचऱ्यातले पुठ्ठ्याचे तुकडे उचलण्यावरून तो टोचून बोलला. नवऱ्याचं म्हणणं असं, की संसार एकंदरीत बराच चालला होता, कुरबुरी कुणाच्या घरात नसतात, आणि उरलेली वर्षं दोघांना एकत्र काढता येतील.

खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांना या तक्रारी किरकोळ आणि फुगवलेल्या वाटल्या. बाई इतर बायकांपेक्षा जरा जास्तच हळव्या आहेत, असंही त्यांचं मत पडलं. अपिलात तोच निकाल कायम राहिला. सुप्रीम कोर्टाच्या अध्यक्षा लेडी हेल यांनी हे प्रकरण आपल्याला फार अस्वस्थ करणारं वाटतं असं निकालात नोंदवलं. पण कायदा बदलणं हे संसदेचं काम आहे, न्यायाधीशांचं नाही, हेही सांगितलं. नवऱ्याची संमती नसेल तर पाच वर्षं वेगळं राहणं, एवढाच मार्ग बाईंना उरला. ती पाच वर्षं २०२० च्या फेब्रुवारीत भरणार होती.

ब्रिटिश वाचकांना धक्का बसला तो अशा अर्जांचा निकाल एरवी कसा लागतो हे ठाऊक असल्यामुळे. २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटाचे सुमारे १,१४,००० अर्ज दाखल झाले. त्यांतले शेवटच्या सुनावणीपर्यंत लढवले गेलेले खटले कोर्टाच्या अंदाजाने सतराच्या आसपास होते. बाकीच्या अर्जांत न्यायाधीश कागद वाचत आणि सही करत. ओवेन्स बाईंच्या तक्रारींहून साध्या तक्रारींवरही हजारो जोडप्यांना घटस्फोट मिळत होता. फरक इतकाच, की त्या जोडप्यांत समोरचा माणूस भांडायला उभा राहत नव्हता.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. १८५७ पूर्वी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा असेल, म्हणजे दुसरं लग्न करण्याची मोकळीक हवी असेल, तर संसदेत त्या जोडप्यापुरता स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. त्यासाठी लागणारा पैसा फक्त श्रीमंतांकडे असे, आणि तो मार्ग वापरू शकलेल्या स्त्रिया तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. चर्चची न्यायालयं क्रूरतेच्या कारणावरून नवराबायकोला वेगळं राहण्याची परवानगी देत, पण लग्न कायम राही. त्या न्यायालयात १७९० मध्ये सर विल्यम स्कॉट यांनी क्रूरतेचं माप ठरवून दिलं : जिवाला, शरीराला किंवा प्रकृतीला धोका असला पाहिजे. तापट स्वभाव, उर्मट बोलणं, घरात प्रेमाचा अभाव हे सोसायचं असतं. हे माप पुढे शंभराहून अधिक वर्षं टिकलं.

१८५७ च्या कायद्याने घटस्फोट साध्या कोर्टात आणला, पण स्त्रीपुरुषांना वेगळा न्याय लावला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, दोन वर्षं टाकून देणं किंवा तसंच आणखी एखादं कारण दाखवावं लागे. हा भेद १९२३ मध्ये गेला. पण त्यानंतरही व्यभिचार हेच एकमेव दार उघडं असल्यामुळे, ज्या जोडप्यांना सरळपणे वेगळं व्हायचं होतं त्यांनी खोटा व्यभिचार उभा करायला सुरुवात केली. नवरा एखाद्या समुद्रकाठच्या गावी, बहुतेकदा ब्रायटनला, पैसे देऊन आणलेल्या बाईसोबत हॉटेलात एक रात्र काढी. सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीने दोघांना एका पलंगावर बसलेलं पाहिलं की काम झालं. रात्रभर ती दोघं पत्ते खेळत बसलेली असली तरी चालायचं. मोलकरीण कोर्टात साक्ष देई आणि हॉटेलचं बिल पुरावा म्हणून जोडलं जाई. संगनमत उघडकीला आलं तर घटस्फोट रद्द होई, म्हणून शपथेवर खोटं बोलणं भाग पडे.

लेखक आणि खासदार ए. पी. हर्बर्ट यांनी या प्रकाराविरुद्ध १९३४ मध्ये कादंबरी लिहिली आणि मग संसदेत विधेयक आणलं. त्यातून १९३७ चा कायदा झाला. क्रूरता, तीन वर्षं टाकून देणं आणि असाध्य वेड ही व्यभिचाराच्या जोडीला स्वतंत्र कारणं झाली. दोष शोधण्याची पद्धत मात्र तशीच राहिली. दोषांची यादी थोडी लांबली, एवढंच.

पुढचा मोठा बदल आला १९६९ मध्ये, आणि तो १ जानेवारी १९७१ पासून लागू झाला. त्याआधी कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नेमलेल्या गटानेच, कायद्याने दोषापेक्षा लग्न मोडलं आहे की नाही हे पाहावं, असं सुचवलं होतं. नव्या कायद्यात घटस्फोटाचं कारण एकच ठेवलं : संसार कायमचा मोडणं. पण तो मोडल्याचं दाखवायला पाच बाबींपैकी एक सिद्ध करावी लागे. व्यभिचार, असह्य वागणूक, दोन वर्षं टाकून देणं, संमतीने दोन वर्षं वेगळं राहणं, किंवा संमतीशिवाय पाच वर्षं वेगळं राहणं. यांतल्या पहिल्या दोन बाबींना थांबावं लागत नसे. बाकीच्यांना वर्षं मोजावी लागत. ज्या जोडप्याला एक घर विकून दोन घरं मांडायची आहेत, मुलांच्या शाळेची सोय बघायची आहे, ते दोन वर्षं कसं थांबणार? साहजिकच लोक वागणुकीच्या दाराकडे वळले.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वागणूक असह्य आहे का, असं कलम विचारत नव्हतं. जाबदाराची वागणूक पाहता अर्जदाराने त्याच्याबरोबर राहावं अशी रास्त अपेक्षा करता येईल का, असं ते विचारत होतं. म्हणजे मोजमाप एका माणसाच्या कृतीचं नव्हतं, तर त्या दोघांच्या एकत्र राहण्याचं होतं. १९६३ मध्येच गोलिन्स खटल्यात लॉर्ड रीड यांनी सांगितलं होतं, की कोर्टासमोर सर्वसाधारण समंजस माणूस उभा नसतो; हा विशिष्ट पुरुष आणि ही विशिष्ट स्त्री उभी असते.

मग न्यायाधीशांना लोकांच्या स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात डोकवावं लागलं. १९७४ च्या एका खटल्यात नवरा छप्पन्न वर्षांचा होता आणि बायको चोवीस वर्षांची. लग्नाचे फोटो घेऊन आलेल्या छायाचित्रकाराबरोबर तिने शेरीचा पेला घेतला, म्हणून तो तिच्यावर संतापला. दारात येणाऱ्या कामकऱ्यांना काही खायला-प्यायला द्यायचं नाही, असा त्याचा दंडक होता. एकेक गोष्ट क्षुल्लक होती, पण रोजच्या हिणवण्याचा साठा कोर्टाने मोजला आणि बायकोला घटस्फोट दिला. त्याच सुमाराला ओनील नावाच्या खटल्यात नवऱ्याने घर स्वतःच दुरुस्त करायला काढलं. फरशीखालच्या फळ्या उचकटल्या, राहत्या खोलीत सिमेंट कालवलं, आणि संडासाला जवळजवळ आठ महिने दार नव्हतं. घरात वाढणारी मुलगी होती. शिवाय मुलं आपली नाहीत, असं तो वकिलाला पत्रात कळवून बसला. खालच्या कोर्टाने हे नशिबाचे भोग म्हणून सोडून दिलं. अपिलात बायको जिंकली. उलट, बायको आपणहून प्रेम दाखवत नाही एवढीच तक्रार घेऊन आलेल्या एका नवऱ्याला कोर्टाने परत पाठवलं.

असे लढलेले खटले कमी. नित्याचा व्यवहार चालायचा तो अर्जाच्या छापील नमुन्यातल्या एका चौकोनात. तिथे वागणुकीचा तपशील लिहायचा. वकिलांनी त्यासाठी एक ठरीव पद्धत बसवली होती : पहिला प्रसंग, सगळ्यांत वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग. चार-पाच परिच्छेद, प्रत्येकात शक्य तर तारीख. ‘जाबदार आठवड्यातले सहा दिवस उशिरा घरी येतो, कौटुंबिक समारंभांना येत नाही आणि त्यामुळे अर्जदाराला एकटं वाटतं’, असा मजकूर असे. समजूतदार वकील मसुदा आधी दुसऱ्या बाजूला दाखवत, शब्द सौम्य करून घेत आणि मगच दाखल करत. म्हणजे दोघांच्या संगनमतानेच एकाचा दोष लिहिला जाई. १९३० च्या दशकातलं हॉटेल गेलं आणि त्याच्या जागी चौकोन आला.

सगळीच जोडपी इतकी समजूतदार नसत. सकाळच्या टपालात अर्ज येई. ज्या माणसाशी अजून मुलांच्या सुट्ट्या ठरवायच्या आहेत, त्याने आपल्या बाबतीत सरकारी कागदावर काय लिहिलंय, हे वाचणाऱ्याच्या मनात रुतून बसे. या आरोपांचा मालमत्तेच्या वाटणीवर किंवा मुलांच्या ताब्यावर सहसा काहीच परिणाम होत नसे. ते फक्त दार उघडण्यासाठी होते. पण वाचणाऱ्याला ते माहीत नसे, आणि माहीत असलं तरी राग ओसरत नसे. मग उत्तरादाखल तोही यादी करी.

एक्सेटर विद्यापीठाच्या लिझ ट्रिंडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे सगळं आकड्यांनिशी समोर आलं. २०१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले ६० टक्के घटस्फोट व्यभिचार किंवा वागणूक या दोषांवर झाले होते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण फक्त ६ टक्के. स्कॉटिश नवरेबायका जास्त सज्जन होते असं नाही. तिथे २००६ च्या कायद्याने वेगळं राहण्याची मुदत संमतीने एक वर्ष आणि संमतीशिवाय दोन वर्षं केली होती, त्यामुळे दोषाचं दार ठोठावण्याची गरजच कमी झाली. लोक एकमेकांवर किती आरोप करतात हे त्यांच्या स्वभावाइतकंच कायद्यातल्या मुदतीवर ठरतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

ओवेन्स खटल्यानंतर सरकारला हालचाल करणं भाग पडलं. जून २०२० मध्ये नवा कायदा मंजूर झाला आणि ६ एप्रिल २०२२ पासून तो लागू झाला. आता इंग्लंड-वेल्समध्ये संसार कायमचा मोडला आहे असं निवेदन एकाने किंवा दोघांनी मिळून दिलं की तेच पुरेसं असतं. कारण विचारलं जात नाही. समोरच्याला हा दावा खोडता येत नाही; लग्न वैध होतं का, या कोर्टाला अधिकार आहे का, असे मोजकेच मुद्दे काढता येतात. घाईत निर्णय होऊ नये म्हणून अर्जानंतर वीस आठवडे थांबावं लागतं, पहिला हुकूम झाल्यावर आणखी सहा आठवडे. लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, हा जुना नियमही कायम आहे.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला गेला आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. ज्या बाईने वर्षानुवर्षं मार खाल्ला, तिलाही कुणाचा दोष नाही असंच म्हणायचं का? तिचं सोसणं कुठे नोंदवायचं? याचं उत्तर असं, की घटस्फोटाच्या अर्जातला चौकोन हे त्याचं ठिकाण कधीच नव्हतं. तिथे लिहिलेल्या मारहाणीबद्दल कुणाला शिक्षा होत नसे. धाकात ठेवणं, पैसे-फोन-माणसं तोडून जोडीदाराला कोंडणं हा इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा झाला आणि २०२१ मध्ये कौटुंबिक अत्याचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. शिक्षेची आणि संरक्षणाची जागा तिथे आहे. उलट जुन्या कायद्यात अशा बाईला आपल्या छळाचे प्रसंग लिहून ते छळणाऱ्याच्याच हाती द्यावे लागत होते, आणि ती अजून त्याच छताखाली राहत असेल तर पुढच्या रात्री काय होईल याची हमी कुणीच देत नव्हतं.

या सगळ्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. १९५६ मध्ये पुण्यात लग्न झालेल्या दास्ताने दांपत्याचा खटला १९६२ मध्ये तिथल्याच कोर्टात सुरू झाला आणि मार्च १९७५ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टात संपला. निकाल लिहिला न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. कोर्टासमोर आदर्श पती आणि आदर्श पत्नी नसतात, हाच पुरुष आणि हीच स्त्री असते, असं सांगताना त्यांनी लॉर्ड रीड यांच्या गोलिन्स खटल्यातल्या भाषणाचाच आधार घेतला. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं, हा नियमही या निकालाने पक्का केला. बायकोची वागणूक क्रूरतेत मोडते, असं कोर्टाने मानलं. मात्र त्यानंतरही दोघं एकत्र नांदली म्हणजे नवऱ्याने ती माफ केली, असं धरून अपील फेटाळलं. तेरा वर्षांच्या कोर्टकचेरीतून दोघांच्या हाती काही लागलं नाही. मिळालं असतं तरी क्रूरतेसाठी त्या वेळच्या कायद्याने फक्त विभक्त राहण्याचाच हुकूम मिळाला असता.

पुढच्याच वर्षी, १९७६ च्या दुरुस्तीने, हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण झालं आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलमही आलं. २००७ च्या समर घोष निकालात सुप्रीम कोर्टाने मानसिक क्रूरतेची उदाहरणं मांडली आणि संसारातली नेहमीची धुसफूस म्हणजे क्रूरता नव्हे, असंही बजावलं. संमती असेल तर आपल्याकडे कोर्टात यादी करावी लागत नाही. संमती नसेल तर मात्र फॅमिली कोर्टाच्या बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या पिशवीत आजही तेच असतं : व्हॉट्सअॅपच्या छापील प्रती, सासूने काय म्हटलं त्याच्या तारखा, कोणत्या दिवाळसणाला कोण आलं नाही याची टिपणं. उलटतपासणीत त्यातली ओळन् ओळ वाचली जाते. संसार कायमचा मोडला या कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार १ मे २०२३ च्या निकालानुसार सुप्रीम कोर्टाला संविधानाच्या कलम १४२ खाली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयाला तो नाही. गोव्यात पोर्तुगीज काळातला १९१० चा घटस्फोटाचा कायदा अजून चालतो, आणि त्यात सलग दहा वर्षं वेगळं राहणं हे कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच लिहिलेलं आहे.

लंडन, लेस्टर किंवा स्लाऊमध्ये राहणाऱ्या आणि लग्न महाराष्ट्रात झालेल्या जोडप्यांसाठी हा फरक पुस्तकी नाही. १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की परदेशी घटस्फोट इथे मानला जाण्यासाठी त्याचं कारण ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्यात बसलं पाहिजे, किंवा दोघांनी त्या कोर्टाचा अधिकार आणि निर्णय मनापासून मान्य केलेला असला पाहिजे. इंग्लंडचा नवा हुकूम कारण सांगतच नाही. एकाने एकतर्फी अर्ज केला आणि दुसरा पुण्यात किंवा साताऱ्यात बसून विरोध करत असेल, तर तिकडे मोडलेलं लग्न इकडे उभं राहू शकतं, आणि मग दुसरं लग्न, वारसा, पोटगी सगळंच अडकतं. दोघांनी मिळून अर्ज करण्याची सोय २०२२ पासून आहे. शक्य असेल तिथे तीच वापरावी आणि भारतातल्या वकिलाला आधी विचारावं.

दिल्लीतही असा कायदा येता येता राहिला आहे. तीन वर्षं वेगळं राहिलेल्या जोडप्याला दोष न सांगता घटस्फोट देणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं होतं. बायकोला आर्थिक हाल होतील या कारणावर विरोध करण्याची मुभा आणि नवऱ्याच्या मालमत्तेतून भरपाई, अशा तरतुदी त्यात होत्या. लोकसभेत ते मंजूर होण्याआधीच २०१४ ची निवडणूक आली आणि ते रद्दबातल झालं. बायकांच्या हक्कांच्या त्या तरतुदींसह, किंबहुना त्या आणखी भक्कम करून, हे विधेयक पुन्हा मांडलं जायला हवं. तसं झालं तर नाशिकच्या किंवा लातूरच्या फॅमिली कोर्टाचा वेळ कोण काय बोललं यापेक्षा मुलं कुठे राहतील, पोटगी किती आणि घर कुणाच्या नावावर, या प्रश्नांसाठी वापरता येईल.